न्हाणीघराच्या भिंतीवरची अट

२० फेब्रुवारी १९७२, रविवार. सकाळी मी ओसरीत शिलाई मशीन साफ करत होते. सुईखालच्या दात्यांमध्ये आठवडाभरात धागे आणि जरीचा भुगा जाऊन बसतो. तो जुन्या टूथब्रशने काढायचा, भोकाभोकांत तेल सोडायचं, चाक फिरवायचं आणि चिंधीवर टिपा मारून जास्तीचं तेल काढून टाकायचं. हे केलं नाही तर मशीन नेमकं नवरीच्या ब्लाउजवर काळा ठिपका टाकतं. नवरीच्या आईची समजूत घालण्यापेक्षा रविवारची सकाळ घालवलेली परवडते.

तेवढ्यात ओसरीसमोरच्या मोकळ्या जमिनीवर एक ट्रक मागे मागे येत थांबला आणि त्याने विटा ओतल्या. त्याच्यामागून नर्मदेवरच्या तिलवाऱ्याच्या रेतीचा दुसरा ट्रक आला. एका मिस्त्रीने चार कोपऱ्यांत खुंट्या ठोकल्या आणि दोरी ताणायला घेतली. मी तेलाची कुपी हातात घेऊनच तिकडे गेले.

“भैया, कितनी मंज़िल?”

“दो, दीदी. नीचे मालिक का गोदाम, ऊपर छह कमरे. किराये के.”

“मालिक म्हणजे गार्डसाहेब?”

“गार्ड-वार्ड नहीं जानते. वो सीटीवाले वॉर्डन साहब हैं न, उन्होंने ले ली ज़मीन.”

मी कुपीचं झाकण लावलं. दोन मजले चढले असते तर माझ्या ओसरीत सकाळचं ऊन पुन्हा आलं नसतं, आणि ऊन नाही तर शिलाई नाही. आमचं घर लांबट आहे, एकामागे एक तीन खोल्या, आणि उजेड येतो तो फक्त पुढच्या ओसरीतून, पूर्वेकडून. काळ्या कापडावर काळा धागा ओवायचा तर मला ऊनच लागतं. चाळिशी लागली होती, चष्माही आणि वयही. आमच्या ह्यांचा पगार कारखान्यातून येत असे, पण दोन मुलींच्या शाळा आणि सासूबाईंचं औषध मशीनवर चालत होतं.

आणि मुख्य म्हणजे ती जमीन आमचीच होती. म्हणजे आम्हीच विकली होती, अट घालून.

दीड-दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सासरे कारखान्यात लागले तेव्हा जबलपुरात घमापूरकडे जागा स्वस्त होती, म्हणून त्यांनी गरजेपेक्षा दुप्पट घेऊन ठेवली. पश्चिमेच्या अर्ध्या भागात घर बांधलं. पूर्वेच्या अर्ध्या भागात बेशरमची झुडपं, दोन मुंगसं आणि गल्लीतल्या पोरांचे हरवलेले चेंडू होते. घरावर कौलासारखे मातीचे कवेलू होते. दर वर्षी माकडं ते उलटेपालटे करून ठेवत आणि पावसाळ्यात आम्ही पातेली मांडून झोपत असू. सासरे गेल्यावर मी म्हटलं, मागच्या-पुढच्या जमिनीचं कौतुक पुरे झालं, अर्धी विकू आणि घरावर स्लॅब टाकू. नवा कारखाना उभा राहिला होता, लोक केरळपासून बिहारपर्यंत कुठून कुठून नोकरीला येत होते, आणि जबलपुरात खोली मिळत नव्हती. जमिनीला गिऱ्हाईक लगेच मिळालं. रेल्वेत गार्ड होते, एकटे, निवृत्तीनंतर लहानसं घर बांधायचं म्हणत होते.

विकण्याआधी घरात बैठक बसली. शेजार आपल्या हाताने निवडायची संधी आयुष्यात एकदाच मिळते, असं मोठ्या दिरांचं म्हणणं. ते त्यासाठी खास नागपूरहून आले होते. त्यांनी सांगितलं, तिथे पिठाची गिरणी काढायची नाही असं लिहून घ्या. सासूबाईंनी संडासाचं तोंड आमच्याकडे नको म्हटलं. आमचे हे सहसा काही मागत नाहीत, पण त्या दिवशी तेही म्हणाले, “हार्मोनियम शिकणारा नको.” मी म्हटलं, वरचा मजला नको. आणि मग कोणीतरी म्हशींचं नाव काढलं.

म्हशींवरून जे सुरू झालं ते रजिस्ट्रीच्या दिवशी कचेरीच्या पायऱ्यांपर्यंत चालू राहिलं. म्हैस पाळायची नाही हे सगळ्यांना मान्य होतं. प्रश्न गाईचा होता. दीर म्हणाले, गाईला मनाई कशी लिहायची, लोक काय म्हणतील. सासूबाई म्हणाल्या, “शेण शेणच असते, बाबू. मह्या नाकाले काय कळते गाय का म्हैस?” दस्त लिहिणारा मुन्शी लेखणी उचलून बसला होता. तो कधी दिरांकडे बघे, कधी सासूबाईंकडे. गार्डसाहेब बिचारे चण्याची पुडी खात उभे. ह्यांना दुसऱ्या पाळीला जायचं होतं, ते दर थोड्या वेळाने मनगट पुढे करून घड्याळ दाखवत होते. शेवटी आतून शिपाई ओरडला, आज करायचं असेल तर चला, नाहीतर सोमवारी. मुन्शी म्हणाला, “बाईजी, शर्तें बाद में अलग काग़ज़ पर लिख लेना. भैंस आज कहीं भागी नहीं जा रही.” आणि रजिस्ट्री झाली. दस्तात चतुःसीमा होती, झाडं होती, पाण्याचा उतार होता. अट एकही नव्हती.

घरी येऊन मी दिरांना नागपूरच्या गाडीत बसवून दिलं आणि दुसऱ्या दिवशी वकिलाकडे गेले. गावातली अर्धी माणसं मी त्यांच्या बायकांच्या मापांवरून ओळखते. हे वकील त्यांतलेच. बायकोचं पोलकं वेळेवर मिळत असल्यामुळे त्यांनी मला लगेच आत घेतलं. माझी यादी वाचून त्यांनी चष्मा काढला.

“हे सगळं काहून पाहिजे तुम्हाला?”

“घरच्यांना पाहिजे.”

“असं बघा. विकलेल्या जमिनीवर तुम्हाला हुकूम चालवता येत नाही. ‘दरवर्षी भिंत रंगवावी’, ‘गेट लावून घ्यावं’, असलं काही लिहाल तर पुढचा मालक ऐकणार नाही, त्याला ते लागूही होत नाही. मनाई मात्र लिहिता येते. तीही तुमच्या उरलेल्या घराला, त्याच्या उपभोगाला गरजेची असली तर. आता म्हशीने तुमच्या घराचं काय बिघडते?”

“वास येतो.”

“दाखवता येईल कोर्टात?”

“म्हैस आणली तर येईल.”

ते हसले नाहीत. “आणि वरच्या मजल्याने?”

“माझ्या ओसरीतलं ऊन जातं. ते कोणालाही दाखवता येईल.”

“मग तेवढंच लिहा. एकच अट, सरळ वाक्यात. बाकीचं फाडून टाका.”

मी यादी तिथेच फाडली. दिरांना अजून वाटतं की गिरणीचं लिहिलेलं आहे.

उठताना मी विचारलं, गार्डसाहेबांनी जमीन पुढे दुसऱ्याला विकली तर? ते म्हणाले, “चांगलं विचारलं. रजिस्ट्रीत असतं तर नव्याला ठाऊक होतं असंच धरलं असतं. तुमचं वेगळ्या कागदावर आहे. तेव्हा घेणाऱ्याला ही अट आधीपासून ठाऊक होती, हे तुम्हाला दाखवावं लागेल. ठाऊक असूनही घेतली तर तो बांधला जाते. ठाऊक नव्हतं म्हणाला आणि ते खरं निघालं, तर तुम्ही कंदील घ्या.”

गार्डसाहेबांनी कागदावर आनंदाने सही केली. “मला वरचा मजला कशाला, वहिनी? गुडघे बघा माझे.” माणूस चांगला होता. पण चांगल्या माणसाचीही बदली होते, हे रेल्वेच्या माणसाबद्दल सांगायला ज्योतिषी लागत नाही. मी घरी येताना विचार करत आले, की ज्याला मी अजून पाहिलेलंही नाही, त्याला ठाऊक करून कसं द्यायचं? आमचं न्हाणीघर अगदी हद्दीवर आहे. त्याची पूर्वेची भिंत विकलेल्या जमिनीकडे तोंड करून उभी. जमीन बघायला येणारा माणूस कुठेही उभा राहिला तरी ती भिंत त्याच्या डोळ्यांसमोर येणारच. मी दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला बोलावलं.

भिंतीला चुना दिला आणि त्यावर लाल रंगात वीतभर उंचीची अक्षरं काढून घेतली. ‘इस ज़मीन पर एक मंज़िल से ऊपर बनाना मना है. सामने वाले मकान को धूप चाहिए.’ दुसरं वाक्य पेंटरला पटलं नाही. म्हणाला, कारण कोणी लिहीत नाही, कारण लिहिलं की लोक वाद घालतात. मी म्हटलं, घालू देत, पण वाचतील तरी. शेवटी त्याने न विचारता खाली ‘आज्ञा से’ असं लिहिलं.

“किसकी आज्ञा?”

“बाईजी, मनाही के नीचे आज्ञा से लिखना पड़ता है. नहीं तो कोई मानता नहीं.”

राहू दिलं. आमचे हे कामावरून आले, सायकल टेकवली आणि भिंतीवरचं सगळं वाचून काढलं. मग म्हणाले, “लोक आता मला विचारतील, तुमच्या घरात आज्ञा कोणाची चालते म्हणून.”

“मग सांगा.”

“सांगायची गरज नाही. अक्षरं मोठी आहेत.”

त्यानंतर डिसेंबरात लढाई लागली. कारखान्यात ओव्हरटाइम इतका, की हे फक्त झोपायला घरी येत आणि झोपेतही काहीतरी मोजत. संध्याकाळ झाली की सगळ्या गावाचे दिवे बंद. काचांवर खाकी कागद, बल्बला काळी टोपी, सायकलच्या दिव्यावर अर्धा काळा रंग. शत्रूचं विमान एवढ्या लांब जबलपूरपर्यंत येऊन नेमकं आमच्या गल्लीत काय शोधणार, हे मला कधी कळलं नाही. पण गावात लष्करी सामानाचे कारखाने होते, तेव्हा भीती अगदीच खोटी नव्हती. माझं कामाचं गणित मात्र बदललं. आधी रात्री दिव्याखाली हातशिलाई होत असे. ती बंद झाली. जे करायचं ते उन्हात. सकाळी ऊन ओसरीत आलं की मी मशीनवर बसायची ते ऊन पायऱ्या उतरून जाईपर्यंत. लग्नं काही लढाईसाठी थांबली नव्हती. उलट लोकांनी घाईने उरकून घेतली.

वॉर्डनसाहेब याच दिवसांत आमच्या आयुष्यात आले. बाजारात त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान, दोन घरं भाड्याने दिलेली, माणूस गोल आणि हसतमुख. सरकारने हवाई हल्ल्याच्या बंदोबस्तासाठी मोहल्ल्यामोहल्ल्यातून माणसं नेमली, त्यांत आमच्या वाट्याला हे आले. डोक्यावर पत्र्याची टोपी, दंडावर पट्टा, गळ्यात शिट्टी. तोकड्या शिट्ट्या म्हणजे आत जा. एक लांब शिट्टी म्हणजे धोका टळला, बाहेर या. प्रत्येक गल्लीत त्यांनी एकेक शिट्टी देऊन ठेवली. आमच्या गल्लीची मला दिली. समोरच्या वहिनी, ज्यांचे यजमान रेल्वेच्या हिशेब खात्यात होते, त्यांना स्वतःला ती हवी होती. त्या मला म्हणाल्या, “तुले शिट्टी काहून दिली वं? तुहा आवाजच पुरते की.”

लढाई सुरू झाली तेव्हा चंद्र जवळजवळ पूर्ण होता. दिवेलागणीची वेळ, म्हणजे दिवे न लावण्याची. सगळी गल्ली दारांत उभी राहून अंधाराला नावं ठेवत होती. वॉर्डनसाहेब फेरीवर आले आणि माझ्या न्हाणीघरापाशी थबकले. चांदण्यात ती चुन्याची भिंत चांगलीच चकाकत होती.

“ये दीवार किसकी है?”

“माझी,” मी म्हटलं.

“दीदी, ये तो ऊपर से दिखेगी. पूरा निशाना है.” त्यांनी काळा कागद लावलेली बॅटरी भिंतीवर धरली आणि त्या फटीतून येणाऱ्या उजेडात एकेक शब्द मोठ्याने वाचला. “इस ज़मीन पर... एक मंज़िल से ऊपर... बनाना मना है. सामने वाले मकान को... धूप चाहिए. आज्ञा से.” मग बॅटरी माझ्याकडे वळवून म्हणाले, “काय दीदी, बम से नहीं डरतीं, छाँव से डरती हैं?”

गल्ली हसली. त्या दिवसांत हसायला कारण हवंच होतं, म्हणून जरा जास्तच हसली. वॉर्डनसाहेबांना आपला विनोद आवडला. जाताना त्यांनी हुकूम सोडला, “कल तक धूपवाली दीदी की दीवार काली हो जानी चाहिए.”

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या दोघांनी रस्त्याच्या कामाच्या पिंपातलं डांबर आणून भिंत काळी केली. अट गेली, नाव राहिलं. भाजीवाला ‘धूपवाली दीदी, पालक!’ म्हणून ओरडायला लागला. माझ्या मुलींना शाळेत ‘धूपवाली की बेटी’ म्हणू लागले. खुद्द वॉर्डनसाहेब रोज संध्याकाळी फेरी मारताना माझ्या दाराशी येऊन विचारत, “धूपवाली दीदी, आज कितनी बटोरी?” त्यांची बायको माझ्याकडे ब्लाउज टाकायला आली तीही हेच नाव शोधत आली. मला राग नव्हता. पाटी रंगवून जेवढी जाहिरात झाली नव्हती तेवढी या नावाने झाली.

लढाई दोन आठवड्यांत आटोपली. दिवे लागले. भिंतीवरचं डांबर मात्र चुन्यासारखं धुऊन जात नाही, ते खरवडावं लागतं, आणि माझ्याकडे लग्नांचे ढीग पडले होते. गार्डसाहेब बिलासपूरला बदलून गेल्याचं कानावर आलं, जमीन विकल्याचं आलं नाही.

आणि आता त्या रविवारी विटा.

मिस्त्रीने माणूस पाठवला, आणि वॉर्डनसाहेब स्कूटरवरून आले. टोपी नाही, पट्टा नाही, धुवट पांढरा सदरा.

“काय दीदी, सब ठीक?”

“ठीक नाही. भैया, ह्या जमिनीवर वरचा मजला बांधता येत नाही.”

“अच्छा? किसने कहा?”

मी आत जाऊन गार्डसाहेबांच्या सहीचा कागद आणला. त्यांनी तो शांतपणे वाचला, घडी घालून परत दिला. “दीदी, ये तो आपका और गार्ड साहब का मामला है. मैंने रजिस्ट्री देखी, उसमें कुछ नहीं लिखा. मुझे किसी ने बताया नहीं. मुझे क्या मालूम?”

“भिंतीवर लिहिलेलं होतं.”

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. भिंत काळी ठिक्कर. “कहाँ? मुझे तो कुछ नहीं दिख रहा.”

मान्य करायला हवं, की ते त्यांनी छान म्हटलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. जमीन घ्यायची म्हणून वकिलाला तेही विचारून आले असणार, आणि त्यांनाही तेच सांगितलं गेलं असणार, की ठाऊक नव्हतं तर अट लागू नाही. मिस्त्री दोरीचं टोक धरून माझ्याकडे बघत होता. पहिली कुदळ पडायचीच बाकी होती.

मी पुन्हा घरात गेले. देवाच्या कोनाड्यात, सासूबाईंच्या जपमाळेशेजारी, ती शिट्टी लटकत होती. बाहेर आले, गल्लीच्या मधोमध उभी राहिले आणि दम संपेपर्यंत एक लांब शिट्टी फुंकली.

डिसेंबरात लावलेली सवय फेब्रुवारीत गेली नव्हती. दारं उघडली. कोणी तोंडाला साबण लावलेला, कोणी हातात सायकलची चेन, समोरच्या वहिनी कणकेचे हात घेऊन. रविवार होता, माणसं घरी होती. पलीकडच्या मल्याळी भाडेकरूने तर सवयीने आधी आकाशाकडे पाहिलं.

“काय झालं वं? पुन्हा लागली का लढाई?” वहिनींनी विचारलं.

“नाही. एकच विचारायचं आहे. गल्लीत मला काय म्हणतात?”

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वेड लागलं असावं असं दोघा-तिघांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. मग भाजीवाल्याने, जो गाडी लावून तिथेच उभा होता, सांगून टाकलं, “धूपवाली दीदी.”

“हे नाव कोणी ठेवलं?”

आता मात्र कोणालाच विचार करावा लागला नाही. सगळे हात वॉर्डनसाहेबांकडे वळले, कणकेचे, साबणाचे, चेनच्या ग्रीसचे.

“कशावरून ठेवलं?”

वहिनींना याच क्षणासाठी शिट्टी नाकारली गेली असावी, त्यांनी ती कसर भरून काढली. वॉर्डनसाहेबांसारखं पोट पुढे काढून, हातात नसलेली बॅटरी भिंतीवर धरून त्या म्हणाल्या, “इस ज़मीन पर... एक मंज़िल से ऊपर... बनाना मना है!” आणि बाकीच्यांनी एका सुरात पुढचं पूर्ण केलं, “बम से नहीं डरतीं, छाँव से डरती हैं?” अडीच महिने हा संवाद गल्लीत रोज कोणीतरी करत होतं. सगळ्यांना पाठ होता.

ह्यांच्याच कारखान्यातला एक फिटर वॉर्डनसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवून जबलपुरी सलगीने म्हणाला, “काय बड्डे, इतनी जल्दी भूल गए? पूरा पढ़ के सुनाया था आपने. आज्ञा से तक.”

वॉर्डनसाहेबांचे कान लाल झाले. पण व्यापारी माणूस, लगेच सावरले. माझ्या जवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाले, “दीदी, कोर्ट में बरसों लगते हैं.”

“निकालाला लागतात. मनाईहुकूम लवकर येतो. तो आला की विटा अशाच पडून राहतील, त्यांत साप होतील, आणि गोदामही नाही आणि भाडंही नाही. साक्षीदार मला गोळा करायला नको, शिट्टी मारली की येतात.” मग मी म्हटलं, “भैया, माझं भांडण मजल्याशी नाही. ऊन सोडून कुठे चढत असेल तर चढा.”

“मतलब?”

“थंडीतलं ऊन दक्षिणेकडून तिरकं येतं. लग्नं तेव्हाच असतात. मला ते पाहिजे. मे महिन्यातलं सगळं तुम्ही घ्या. उत्तरेला गल्लीच्या बाजूने वर खोल्या काढल्या तर सावली माझ्यावर न पडता गल्लीवर पडेल, असं मला वाटतं. पण वाटण्यावर मी सही करणार नाही. दाखवा.”

“कैसे दिखाऊँ?”

“उद्या सकाळी दुसऱ्या मजल्याएवढा उंच बांबू आणा. जिथे उभा केला आणि माझ्या मशीनवर सावली पडली नाही, तिथे बांधा. पडली, तर नाही. आणि जे ठरेल ते या वेळी रजिस्ट्रीच्या कचेरीत.”

त्यांनी विटांच्या ढिगाकडे पाहिलं. विटा परत घेत नाहीत. मिस्त्रीची मजुरी चालू झाली होती. शेवटी त्यांनी मान हलवली. “छह की जगह दो ही कमरे निकलेंगे, दीदी.”

“दोन तर दोन. आज सकाळपर्यंत माझ्या हिशेबाने शून्य होत्या.”

रात्रपाळी करून आलेले हे संध्याकाळी झोपून उठले. मी काय झालं ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा बशीत ओतला आणि विचारलं, “रजिस्ट्रीत घालूनच राहिलो आहोत, तर म्हशींचं पण लिहून घेऊ का?” आतून सासूबाई ओरडल्या, “गाईचं पण!” मी दोघांनाही सांगितलं, की उद्यापासून ऊन हा माझा विषय आहे आणि जनावरं तुमचा, वेगळा वकील करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन ओसरीत आलं तशी मी मशीनची टोपी काढली आणि कापडावर खुणा करायचा खडू हातात घेतला. वॉर्डनसाहेब वेळेवर आले होते. कुंडमकडून आलेल्या गाडीतले दोन लांब बांबू मिस्त्रीने एकाला एक बांधले होते, आणि मिस्त्री मोजमापात गुंतल्यामुळे ते धरून खुद्द वॉर्डनसाहेब जमिनीच्या मधोमध उभे होते. बांबूची सावली सरळ येऊन माझ्या मशीनच्या चाकावर पडली. मी ओसरीच्या फरशीवर खडूने रेघ ओढली.

“भैया, उत्तर को.”

ते सरकले. सावली सुईवरून गेली, पाटावरून गेली, माझ्या गुडघ्यावर आली.

“और.”

गल्ली दारांत उभी होती. वहिनी अधूनमधून बॅटरी धरल्यासारखा हात करत होत्या. शेवटी वॉर्डनसाहेबांची पाठ गल्लीच्या कुंपणाला टेकली, आणि सावली ओसरीवरून घसरून बाहेर रस्त्यावर पडली.

“बस,” मी म्हटलं. “वहीं.”

मिस्त्रीने त्यांच्या पायांपाशी खुंटी ठोकली. मी खडू डब्यात टाकला, सुई ओवली आणि वॉर्डनसाहेबांच्या बायकोचा दोन आठवडे राहिलेला ब्लाउज शिवायला घेतला.